‘काही झालं नाही ना’: पौड रोडवरच्या एका न झालेल्या अपघाताचं प्रकरण

मी चाकणला एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत सेफ्टीला आहे, बारा वर्षं झाली. आमच्या शॉपफ्लोअरवर एक रजिस्टर असतं, नियर मिसचं. अपघात झाला नाही पण थोडक्यात चुकला, असं जे जे घडतं ते त्यात लिहायचं. क्रेनच्या हुकातून जॉब, म्हणजे काम चालू असलेला भाग, निसटला आणि खाली कोणी नव्हतं, फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेताना माणसाला घासून गेली, असलं. नवीन पोरं लिहायला टाळतात, मॅडम काही झालंच नाही तर लिहायचं काय म्हणतात, आणि मी दर वेळी त्यांना बसवून समजावते. तर जूनमधे एका शनिवारी माझ्याच स्कूटरवर, मागे भाचीला घेऊन जाताना हे झालं, आणि पहिले दोन तास मी सुद्धा हेच म्हणत होते की काही झालं नाही ना, मग सोडा. रात्री झोप लागेना तेव्हा उठून वही घेतली आणि कंपनीत लिहितो तसंच लिहायला बसले. त्या रात्री लिहिलेलं आणि नंतर मोजून, विचारून त्यात घातलेलं, दोन्ही इथे आहे.

भाची माझ्या मोठ्या बहिणीची. ताई कराडला असते, पोरगी बारावीला आहे, गेल्या वर्षापासून आमच्याकडे पुण्यात कोथरूडला राहते. शनिवारी संध्याकाळी तिचा नळस्टॉपजवळ क्लास असतो, एरवी ती मेट्रोने जाते पण त्या दिवशी उशीर झाला होता म्हणून मी म्हटलं चल सोडते. पावणेसात वाजले असतील. दुपारभर उकडलं होतं आणि नुकतीच पावसाची एक सर येऊन गेली होती, जोराची नाही, फक्त रस्ता ओला होईल एवढीच. अशी सर सगळ्यात वाईट, कारण उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल, टायरचा चुरा आणि धूळ यांचा त्या पाण्यात चिकट राडा होतो आणि तो धुऊन जाईल इतका पाऊस झालेला नसतो. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पस्तीसच्या आसपास चालले होते, काटा मी बघितला होता.

वनाजकडून नळस्टॉपकडे येताना आनंदनगर स्टेशन गेलं की पुढे आयडियल कॉलनीपर्यंत रस्त्याच्या मधोमध डिव्हायडर आणि डिव्हायडरमधे मेट्रोचे खांब. मधेच एक पंक्चर आहे, म्हणजे डिव्हायडर तोडून यू टर्नला जागा ठेवलेली. मी उजव्या बाजूने, डिव्हायडरच्या कडेकडेने चालले होते. माझ्यापुढे एक रिक्षा, माझ्यामागे पीएमपीची बस. डावीकडे थोडी पुढे एक पांढरी कार होती, अगदी हळू, दुकानं बघत चालल्यासारखी, इंडिकेटर नाही काही नाही. रिक्षा पंक्चर ओलांडून पुढे गेली आणि त्या कारने डावीकडून सरळ उजवीकडे नाक घातलं, रिक्षाच्या मागून, म्हणजे बरोबर माझ्यापुढे. आख्खी गाडी आडवी. आणि समोरून उलट्या बाजूने दोन बाइक येताना दिसल्या म्हणून ती पंक्चरच्या तोंडाशीच थांबली, तशीच आडवी, पुढेही जाईना मागेही येईना.

मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक सरकलं, डावीकडे, ते मला कमरेत जाणवलं, आणि भाचीचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर येऊन आपटलं, टक्क असा आवाज झाला तो अजून कानात आहे. स्कूटर थांबली तेव्हा पुढचं चाक आणि ड्रायव्हरचा दरवाजा यात वीतभर अंतर होतं. मी हे वाढवून सांगत नाहीये, मी खाली बघितलं होतं आणि माझ्या डोक्यात वीत हाच शब्द आला होता. त्याच वेळी मागे बसचा ब्रेक फुस्स झाला. आरशात आधी नुसते दिवे दिसले, मग काच, मग त्या काचेवर हलणारा वायपर, इतक्या जवळ.

कारची काच अर्धी उघडी होती. आत पन्नाशीचे एक गृहस्थ, डाव्या हातात फोन, स्पीकर चालू. आणि त्या फोनमधून एक बाई अजून बोलतच होत्या, ‘अरे पुढे गेलास तू, मागे वळ, वळलास का, बेकरीच्या समोर बघ.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, चेहरा पांढरा पडला होता त्यांचा, आणि पहिलं वाक्य काय तर ‘मॅडम, काही लागलं नाही ना?’ मी काही बोलायच्या आत दुसरं, ‘जरा हळू चालवत जा हो, पोरगी आहे मागे.’ माझ्या तोंडून शब्दच फुटेना. हात थरथरत होते. फुटपाथवरून दोघंतिघं आले, एका काकांनी स्कूटरचं हँडल धरलं, दुसरे म्हणाले काही झालं नाही ना ताई, मग जाऊ द्या, ट्रॅफिक जाम होतोय. मागून हॉर्न सुरू झालेच होते. समोरच्या बाइक गेल्या, कार वळली, गेली. नंबर मी घेतला नाही. भाचीने शेवटचे चार आकडे बघितले होते, पण पुढची अक्षरं नाहीत. हे सगळं मिळून मिनिटभर पण चाललं नसेल.

बस मात्र अजून थांबलेली होती. तिच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, एकदाही नाही. मी मागे वळून बघितलं तर त्यांनी हाताने फक्त खूण केली, बाजूला घ्या आरामात. बसचं तोंड आणि माझी नंबर प्लेट यात तीनचार पावलं असतील.

रविवारी सकाळी साडेसहाला मी आणि नवरा तिथे परत गेलो, घरातली मोठी टेप घेऊन. त्याला आधी हे जरा अति वाटत होतं पण आला. मेट्रोच्या खांबांवर नंबर असतात, त्यामुळे जागा नक्की करायला सोपं गेलं, शिवाय मला एवढं पक्कं आठवत होतं की कारचं नाक वळताना दिसलं तेव्हा मी एका मेडिकलच्या बोर्डाच्या रेषेत होते. तिथून मी जिथे थांबले तिथपर्यंत २२ मीटर भरले. मिलीमीटरची अचूकता यात नाही, मीटरभर इकडेतिकडे होऊ शकतं, पण पुढचा हिशोब करायला पुरेसं.

हिशोब असा. ताशी ३५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ पावणेदहा मीटर. डोळ्याला दिसलं, डोक्याला कळलं आणि बोटांनी ब्रेक दाबला यात सावध माणसाचा सुद्धा एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच पावणेदहा मीटर संपले. ओल्या रस्त्यावर टायरची पकड कोरड्यापेक्षा बरीच कमी धरावी लागते, तशी धरली तर ३५ ला थांबायला अजून १२ मीटर लागतात. झाले पावणेबावीस. हातात होते २२. आता मी ३५ च्या ऐवजी ४० ला असते तर? त्याच २२ मीटरवर, ब्रेक पूर्ण दाबलेला असताना, मी अजून ताशी २२ च्या वेगाने जात असते आणि पुढे दरवाजा. आणि ५० ला असते तर ४१ ने आदळले असते, म्हणजे ब्रेक लावून फारसा काही उपयोगच झाला नसता. हे आकडे मी तीनदा करून बघितले कारण पहिल्यांदा मलाच पटेना. पाच किलोमीटरचा फरक. पौड रोडवर संध्याकाळी चाळीस पन्नासने जाणारा माणूस बेफाम चालवतो असं कोणी म्हणणार नाही, मीही एरवी कोरड्या रस्त्यावर चाळीसनेच जाते.

मग नवऱ्याला पंक्चरच्या तोंडाशी, साधारण कारची सीट येईल तिथे, गुडघ्यात वाकून उभं केलं आणि विचारलं समोरून काय येतंय सांग. तो म्हणाला खांब दिसतोय. खांबाच्या आडून येणारी बाइक त्याला पंक्चरच्या अगदी जवळ आल्यावरच दिसत होती. म्हणजे इथे यू टर्न घेणारा प्रत्येक जण, कितीही शहाणा असला तरी, आधी नाक पुढे काढणार आणि मग समोर कोण आहे ते बघणार आणि अर्ध्यात अडकणार. मधल्या पट्ट्यात एक गाडी सरळ उभी राहील एवढी जागा असती तर अडकलेली गाडी आमच्या लेनमधे आडवी आली नसती. खांब काही हलणार नाही, त्याचा दोष पण नाही, प्रश्न पंक्चर खांबाला चिकटून असण्याचा आहे. पाऊण तास आम्ही तिथे होतो, रविवारची सकाळ, गर्दी नाही, तरी दोन गाड्या तशाच आडव्या अडकलेल्या बघितल्या.

आमच्या कंपनीत व्हाय-व्हाय करतात, एका ‘का’च्या उत्तराला परत ‘का’ विचारत जायचं. तो मी त्या गृहस्थांवर लावून बघितला. ते माझ्यापुढे का आले? कारण रिक्षा गेल्यावर त्यांना जागा मोकळी वाटली. का वाटली? कारण मी रिक्षाच्या मागे झाकली गेले होते, आणि उजव्या आरशात त्यांनी बघितलं असलं तरी एकदाच बघितलं असणार, रिक्षा दिसली तेव्हा, ती गेल्यावर परत नाही. परत का नाही बघितलं? कारण वळायचं आत्ताच होतं, फोनवर त्या बाई सांगत होत्या वळ म्हणून. डावीकडून का वळले? कारण वळायचंय हे त्यांना आधी माहीतच नव्हतं, बेकरी मागे राहिली हे फोनवरून कळलं तेव्हा ते डाव्या कडेला होते. इथे येऊन मी थांबले. कारण त्या फोनवरच्या बाई कोण होत्या मला माहीत नाही, पण त्यांच्या जागी मी असते. नवरा गाडी चालवत असताना कुठे पोचलास, येताना दही आण, हे मी किती वेळा केलंय. तो ब्लूटूथवर बोलतो, हात मोकळे असतात, तरी लक्ष तर माझ्याकडेच असतं ना. त्या आठवड्यापासून मी बंद केलं, तो निघताना सांगतो किती वाजता पोचेल आणि मग मी फोन करत नाही.

त्यांची चूक मी अजिबात सौम्य करत नाहीये. हातात फोन धरून चालवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मधे, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमधे येतं, २०१९ च्या दुरुस्तीत ते स्पष्ट लिहिलंय, पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा हजार ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, जे आधी आयपीसीचं २७९ होतं, त्यात पण माणसाच्या जिवाला धोका होईल असं बेदरकारपणे चालवणं हाच गुन्हा आहे, कोणाला लागलंच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे रस्त्यावर सगळे जे म्हणाले, काही झालं नाही ना मग जाऊ द्या, ते कायदा म्हणत नाही. पण नंबर नव्हता, फोटो नव्हता, तक्रार कोणाविरुद्ध करणार. असं काही झालं तर पहिल्या दहा सेकंदात, हात थरथरत असले तरी, पूर्ण नंबर मोठ्याने म्हणायचा हे आता मी आणि भाचीने ठरवलंय, मोठ्याने म्हटलं की तो लक्षात राहतो.

आता माझं काय चुकलं ते. पहिलं, कार मला आधीपासून दिसत होती. कारण नसताना हळू चाललेली गाडी काहीतरी करणार असते, एकतर थांबणार, नाहीतर वळणार, नाहीतर दरवाजा उघडणार, आणि मी ते बघून सुद्धा ब्रेकवर बोटं ठेवली नव्हती. ती असती तर तो एक सेकंद थोडा तरी कमी झाला असता. दुसरं, रिक्षाच्या मागे मी साधारण दोन सेकंदांचं अंतर ठेवलं होतं, कोरड्या रस्त्याला ते ठीक, ओल्याला दुप्पट पाहिजे. तिसरं टायर. सोमवारी टायरवाल्याकडे गेले, त्याने मागचं चाक फिरवून नुसता अंगठा लावला आणि म्हणाला ‘ताई, गोटा झालाय की हा, पावसात कशाला चालवताय.’ खाचांच्या मधे जो छोटा उंचवटा असतो ना, झीज कळावी म्हणून दिलेला, त्याच्या बरोबरीला टायर आलं होतं. पुढचं चाक बरं होतं म्हणून मी मागचं बघितलंच नव्हतं. सर्व्हिसिंग मार्चमधे झालं होतं. तेव्हा सांगितलं पण असेल, मी पुढच्या महिन्यात बघू म्हटलं असेल, आठवत नाही.

आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त लागलं. त्या संध्याकाळी क्लासच्या दारात स्कूटर लावली, भाची उतरली आणि हेल्मेट काढलं, एका हाताने, टोपी काढावी तसं. स्ट्रॅप लावलेलाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाली मावशी घाई होती, आणि तो गळ्याला टोचतो. घरातून निघताना मी बघितलं होतं, हेल्मेट आहे डोक्यावर, चला. कंपनीत मी माणसांच्या हार्नेसचा, म्हणजे उंचावर काम करताना बांधायच्या पट्ट्याचा, हुक स्वतः ओढून बघते आणि इथे नुसतं डोकं झाकलेलं बघून गाडीला किक मारली. आदळलो असतो तर हेल्मेट तिच्या आधी उडालं असतं. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्याला पण, हेल्मेट घालायचंय, आणि ते नीट बांधलेलं असलं पाहिजे हे पण त्याच कलमात आहे, १२९ मधे. पुण्यात हेल्मेटवर किती भांडणं झाली, पण स्ट्रॅपवर बोलताना मी कोणाला ऐकलं नाही.

पण हेल्मेट हा आमच्या पद्धतीत शेवटचा उपाय धरतात. आधी धोकाच काढून टाकायचा, ते जमलं नाही तर मधे आडोसा घालायचा, मग नियम, मग शिकवणं, आणि हे सगळं करून उरलं तर अंगावर घालायचं साहित्य. रस्त्यावर आपण उलटं करतो, सगळा भार त्या बिचाऱ्या हेल्मेटवर टाकतो. म्हणून मी तो खांब आणि पंक्चर यांचं स्केच काढलं, मापं टाकली, अडकलेल्या गाड्यांचे फोटो लावले आणि अर्ज केला की हे पंक्चर एकतर बंद करा किंवा खांबापासून लांब सरकवा आणि वळणाऱ्या गाडीला थांबायला जागा द्या. कार्यालयातल्या माणसाने विचारलं किती जखमी. मी म्हटलं कोणी नाही. तो म्हणाला मग अपघात कुठला? पोच मात्र दिली. महिना होत आला, उत्तर नाही, पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे आणि उत्तर मिळेपर्यंत जात राहणार आहे.

त्याच्या प्रश्नाचा राग आला, पण तो एकटाच तसा विचार करत नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने एकामागे एक कितीतरी वाहनं ठोकली तेव्हा आख्खं शहर त्या उतारावर बोलत होतं. त्या उतारावर त्याआधी किती जण वीतभरावरून वाचले असतील आणि घरी जाऊन चहा प्यायले असतील, त्याची कुठेच नोंद नाही. १९३१ मधे हाइनरिक नावाच्या अमेरिकन माणसाने कारखान्यांसाठी मांडलं होतं की एका मोठ्या अपघातामागे २९ छोटे आणि ३०० काहीच इजा न झालेले प्रसंग असतात. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, आकडे जसेच्या तसे धरू नयेत, पण जे ३०० घडून गेले ते लिहिले असते तर कुठे हात घालायचा हे कळलं असतं एवढं मात्र मी बारा वर्षांत स्वतः बघितलंय. आमच्या एका प्रेस मशीनवर सेन्सर बसला तो अशाच एका कागदामुळे, कोणाचं बोट जायच्या आधी.

बसच्या ड्रायव्हरबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. आम्ही दोघी कारपासून वाचलो त्यात माझा वेग होता, नशीब पण होतं, पण बसपासून वाचलो ते फक्त त्यांच्यामुळे. ते उंच बसतात, त्यांना माझ्या आणि रिक्षाच्या डोक्यावरून ती कार दिसली असणार, आणि मी ब्रेक मारायच्या आधीच त्यांनी वेग कमी केला असणार, नाहीतर एवढी मोठी बस ओल्या रस्त्यावर माझ्या मागे तीनचार पावलांवर थांबूच शकत नाही. बसमधे माणसं उभी होती, ती सुद्धा पडली नाहीत, म्हणजे किती सावकाश दाबला असेल. मी तीन शनिवार त्याच वेळेला तिथल्या स्टॉपवर थांबून बघितलं, पण बसचा नंबर माहीत नाही आणि चेहरा आरशातून किती दिसणार. एका कंडक्टरना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मॅडम, आम्हाला कोणी थांबल्याबद्दल विचारत नाही, न थांबल्याबद्दलच विचारतात.’

आता घरचं. त्या रात्री जेवताना सगळ्यांचं एकच मत होतं की ताईला सांगायचं नाही, ती कराडला बसून काळजी करणार, पोरीला परत घेऊन जाईल, आणि काही झालेलं तर नाही. भाची तर हात जोडत होती, मावशी प्लीज आईला नको. मी पण हो म्हटलं होतं. पण रविवारी मोजून आलो, सोमवारी टायर बदललं, वहीत सगळं लिहून झालं, आणि शेवटच्या ओळीत, ‘कोणाला कळवलं’ या रकान्यात, काही लिहिताच येईना. मंगळवारी कंपनीतून आल्यावर भाचीला समोर बसवलं आणि ताईला फोन लावला. पहिल्यापासून सांगितलं, रिक्षा, कार, बस, मीटर, टायर, सगळं. ती मधे एकदाही बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग तिने विचारलं, ‘हेल्मेट होतं ना दोघींचं?’

मी म्हटलं, ‘होतं ताई. पण तिचा स्ट्रॅप लावलेला नव्हता, आणि मी बघितलं नव्हतं.’

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, ‘तिला दे फोन.’